घेशील ते डिस्कवालंच घे

अगं, तुझा मेसेज वाचला. प्लेस्टेशनची डिजिटल एडिशन कार्टमध्ये टाकून ठेवलीयस ना, ती तशीच राहू दे, ऑर्डर मात्र करू नकोस. आधी माझं ऐक, मग तुझं तू ठरव.

प्लेस्टेशन घ्यायचंय, तर जरूर घे. आईने मला विचारलंच, "एवढे पन्नास हजार खेळण्यावर?" मी तिची समजूत काढलीय. दादाने बाइक घेतली तेव्हा घरात पेढे वाटले होते, मग तुझ्या कमाईच्या प्लेस्टेशनवर कुणी नाक मुरडायचं काम नाही. माझा आग्रह एकच. घेशील ते डिस्कवालं घे.

तू म्हणतेस डिजिटल स्वस्त पडतं. पडतं, पण फक्त पहिल्या दिवशी. पीएस फाइव्ह भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये आलं तेव्हा डिस्कवालं ४९,९९० रुपयांना होतं आणि डिजिटल ३९,९९० ला. म्हणजे फरक दहा हजारांचा. आता नवा मोठा गेम पाच हजारांच्या आसपास जातो. समजा तू डिस्क घेतलीस, महिन्याभरात गोष्ट संपवलीस आणि ती तीन हजारांना विकलीस, तर तो गेम तुला दोन हजारांना पडला. डाउनलोड केलेल्या गेमचे पाचच्या पाच हजार गेले. असे चार गेम झाले की दहा हजारांचा फरक भरून निघतो. तू तर कॉलेजात परीक्षेच्या दिवसांतही गेम संपवायचीस, तुला वर्षसुद्धा लागणार नाही.

शिवाय पीएस फाइव्हवर पीएस फोरच्या जवळजवळ सगळ्या डिस्क चालतात. त्या बाजारात ढिगाने पडल्यात, कारण लोकांनी पीएस फोर कपाटात टाकले आणि गेम विकायला काढले. 'हरायझन', 'अनचार्टेड', जुना 'स्पायडर-मॅन', सगळे तुझे राहिलेत ना खेळायचे? ते तुला एका नव्या गेमच्या पैशांत तीन-चार मिळतील. वेगळा ड्राइव्ह लावल्याशिवाय डिजिटल एडिशनला त्यातली एकही चालणार नाही. तिला दुकान एकच, सोनीचं. सेल लागला तर ठीक, नाहीतर ते सांगतील ती किंमत.

आपण दोघी पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या जुन्या पुस्तकांवर शिकलो. माझी अकरावीची पुस्तकं तू वापरलीस आणि तुझी पुढे आणखी कुणी. महागाचा हा छंदही आपल्यासारख्या घरांत याच वाटेने आला. एक डिस्क अख्ख्या ग्रुपमधून फिरायची, शेवटी कुणीतरी ती विकायचं आणि त्यात थोडी भर घालून पुढची यायची. ही वाट बंद झाली तर गेमिंग फक्त पाच हजार सहज मोजणाऱ्यांचं उरेल, आणि मला ते मनापासून खटकतं.

कंपन्यांना ही वाट फार आधीपासून खुपते. जुनी डिस्क विकली की गेम बनवणाऱ्याला त्यातला एक रुपयाही मिळत नाही, हे त्यांचं म्हणणं. २०१० मध्ये ईए कंपनीने नव्या डबीत एक कोड घालायला सुरुवात केली. तो कोड आधीच्याने वापरलेला असला की जुनी डिस्क घेणाऱ्याने ऑनलाइन खेळायला दहा डॉलर वेगळे मोजायचे. लोक चिडले आणि २०१३ मध्ये ईएने ते बंद केलं. पण त्याच वर्षी मे महिन्यात मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वन जाहीर केला, तो याहून कडक अटी घेऊन. यंत्राने दर २४ तासांत एकदा तरी इंटरनेटला जोडलं जायचं, आणि डिस्क असूनही ती विकायला किंवा मैत्रिणीला द्यायला बंधनं. जून महिन्यात लॉस एंजेलिसच्या ई-थ्री प्रदर्शनात सोनीने स्टेजवरून सांगितलं की पीएस फोरवर जुन्या डिस्क बिनदिक्कत चालतील, आणि सभागृह टाळ्यांनी दणाणलं. सोनीने त्याच वेळी एक छोटा व्हिडिओही टाकला होता, जमलं तर शोधून बघ. पीएस फोरवर गेम मैत्रीत कसा द्यायचा, ते त्यात दाखवलंय. सोनीचे मोठे अधिकारी शुहेई योशिदा आणि त्यांचा एक सहकारी त्यात आहेत, एक जण डबी दुसऱ्याच्या हातात देतो. दुसरा थँक्स म्हणतो, आणि व्हिडिओ संपला. १९ जूनला मायक्रोसॉफ्टने सगळ्या अटी मागे घेतल्या.

त्याच सोनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये पीएस फाइव्ह प्रो आणला, तोही ७०० डॉलरचा आणि डिस्क ड्राइव्ह नसलेला. ड्राइव्ह हवा तर ८० डॉलर वेगळे. एक्सबॉक्सच्या सीरीज एसला तर २०२० पासून ड्राइव्हच नाही आणि तो नंतरही लावता येत नाही. २०१३ मध्ये जे अटी घालून जमलं नाही, ते सोयीच्या रस्त्याने आपोआप झालं. रात्री बारा वाजता गेम येतो, बटण दाबलं की झालं, सोफ्यावरून उठून डिस्क बदलायलाही नको. सोनीच्या यंत्रांवर विकल्या जाणाऱ्या पूर्ण गेमपैकी सुमारे तीन चतुर्थांश आता डाउनलोडच असतात. कुणी जबरदस्ती केली नाही, लोकच गेले. तू निघाली होतीस ना, तशीच.

डाउनलोड केलेला गेम का विकता येत नाही, असं तू विचारलं होतंस. कारण तू विकत घेतेस ती फक्त खेळायची परवानगी. फ्रान्समध्ये ग्राहक संघटनेने यावर स्टीमवाल्या व्हॉल्व्ह कंपनीला कोर्टात खेचलं होतं. २०१९ मध्ये पॅरिसच्या कोर्टाने निकाल दिला की लोकांना डाउनलोड केलेला गेमही विकता आला पाहिजे. मी तेव्हा फार खूश झाले होते. पण २०२२ मध्ये वरच्या कोर्टाने तो फिरवला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेही तेच कायम केलं. डिस्कची गोष्ट वेगळी. जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगितलं की एकदा विकलेला गेम पुढे विकायला कंपनी आडकाठी करू शकत नाही. तिथली जुन्या गेमची दुकानं आजही त्यावर उभी आहेत. कॅलिफोर्नियात २०२५ पासून कायदाच आहे की डिजिटल माल विकताना ही नुसती परवानगी आहे हे ग्राहकाला स्पष्ट सांगायचं. आपल्याकडेही असा कायदा यावा असं मला फार वाटतं. निदान कळून तरी घेशील.

आता डिस्क म्हणजे सगळं सुरक्षित, असंही समजू नकोस. युबिसॉफ्टने 'द क्रू' या गाड्यांच्या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद केले. तो कायम ऑनलाइन लागणारा गेम होता, त्यामुळे डिस्कवाल्यांचाही गेला. यावरून युरोपात मोहीम उभी राहिली आणि दहा लाखांवर लोकांनी सह्या केल्या. काही डिस्क नावापुरत्या असतात. २०२२ चा 'मॉडर्न वॉरफेअर टू' घे, त्याच्या पीएस फाइव्ह डिस्कवर जेमतेम सत्तर एमबी होते, बाकी सगळा गेम डाउनलोड. म्हणून कुठलीही डिस्क घ्यायच्या आधी बघायचं की गेम खरंच तिच्यावर आहे का, आणि नेट नसताना चालतो का. तुला निन्टेन्डोच्या स्विच टूचाही मोह आहे, माहितीय मला. त्यात गेम-की कार्ड म्हणून एक प्रकार आलाय. कार्डात गेम नसतो, नुसती किल्ली असते आणि गेम उतरवून घ्यावा लागतो. ते कार्ड पुढे विकता येतं, ही जमेची बाजू. पण निन्टेन्डोचा सर्व्हर चालू आहे तोवरच. डबीवर पुढच्या बाजूला खाली तशी सूचना असते, ती वाचल्याशिवाय पैसे काढू नकोस.

आता जुनी डिस्क घ्यायची कशी, ते नीट सांगते, कारण इथेच लोक फसतात. डिस्क कडेने धरून ट्यूबलाइटखाली तिरकी कर. मधून कडेकडे गेलेले बारीक ओरखडे बहुतेक वेळा चालून जातात. गोल फिरलेला, वर्तुळाकार चर दिसला की परत दे. सीडी घासून पॉलिश करणारे असायचे, आठवतंय? तो उपाय इथे नाही. या ब्लू-रे डिस्क. त्यात माहितीचा थर पृष्ठभागाच्या अगदी जवळ, ०.१ मिलिमीटरवर असतो आणि वर पातळ कडक लेप असतो. घासायला गेलीस तर तो लेपच जातो. मग मधल्या भोकाजवळ तडा नाही ना, ते बघ. डबीतल्या कोडचे पैसे धरू नकोस, तो आधीच्याने वापरलेला असतो. आणि डिस्क कुठल्या देशासाठीची आहे, ते डबीवर बघ. गेम कुठलाही चालेल, पण पुढे तू त्याचा जादा भाग विकत घेतलास आणि तुझं अकाउंट दुसऱ्या देशाचं असलं, तर तो जुळत नाही.

सेकंड-हँड यंत्रच घ्यायचं ठरवलंस तर विकणाऱ्याच्या घरी ते सुरू करून बघितल्याशिवाय पैसे देऊ नकोस. डिस्क घाल, इन्स्टॉल होऊन गेम सुरू होईपर्यंत थांब. पहिल्या जाड मॉडेलमध्ये ड्राइव्ह आतल्या बोर्डशी जोडी करून दिलेला असतो. कुणी बाहेर दुरुस्तीत तो बदलला असेल तर डिस्क वाचलीच जात नाही. जुन्या जाड डिजिटल मॉडेलला नंतर ड्राइव्ह लावताच येत नाही. नव्या स्लिम डिजिटल मॉडेलला लावता येतो, पण पहिल्यांदा जोडताना इंटरनेट लागतं. तुझ्याच अकाउंटने तिथेच लॉगिन कर, कारण बंदी घातलेलं यंत्र असलं तर तेव्हाच कळेल. कंट्रोलरची काठी सोडून दे आणि बघ, पडद्यावरचा माणूस आपोआप चालायला लागला तर किंमत पाडून माग. आणि एकटी जाऊ नकोस. डिस्कचा व्यवहार असेल तर दिवसा, मेट्रो स्टेशनवर कर. यंत्र बघायला जायचं असेल तर मी येईन.

इन्स्टाग्रामवर "पाच हजारांचा गेम आठशेत" म्हणून जे मेसेज येतात, त्यांच्या नादाला मुळीच लागू नकोस. ते गेम विकत नाहीत, एकच अकाउंट अनेकांना वाटतात. पासवर्ड कधीही बदलतो, सोनी ते अकाउंट बंद करू शकते, आणि तक्रार कुणाकडे करणार? तुझ्या ऑफिसातल्या मुलांनी घेतलंय म्हणून तूही घेशील, ही मला खरी भीती आहे.

विकायचं म्हणशील तर गोष्ट संपली की लगेच काढ. तोच गेम सोनीच्या सेलमध्ये आला किंवा त्यांच्या पीएस प्लस वर्गणीच्या यादीत गेला की जुन्या डिस्कचा भाव एका रात्रीत कोसळतो. उलट दोन-तीन वर्षं जुना गेम सेलमध्ये डिस्कपेक्षाही स्वस्त मिळाला, तर खुशाल डाउनलोड कर. त्यात काही वाईट नाही. मैत्रिणीला द्यावासा वाटेल असा एखादा ठेव, बाकी फिरू देत.

एक अपवाद मात्र पाळ. छोट्या टीमचे गेम नवेच घे, पूर्ण किमतीत. 'राजी' आपल्या पुण्यात बनला, नॉडिंग हेड्स गेम्स नावाच्या छोट्या स्टुडिओत. २०२० मध्ये आला. त्यातली मुलगी आपल्या धाकट्या भावाला, गोलूला शोधायला निघते. एवढ्याशा टीमला प्रत्येक विक्री लागते. जुन्या डिस्कमधून बनवणाऱ्याला काही मिळत नाही, हे कंपन्यांचं म्हणणं तिथे मला शंभर टक्के पटतं.

पुढच्या पिढीत ड्राइव्ह असेल का, याची चिंता आत्ता करू नकोस. माझा अंदाज, तो वेगळा विकत घ्यायची वस्तू होईल आणि जुन्या डिस्कवाले त्यासाठी पैसे मोजतील. हे यंत्र तुला पाच-सहा वर्षं आरामात पुरेल.

कार्ट रिकामी कर आणि डिस्क एडिशनची आजची किंमत मला पाठव, माझ्या कार्डावर ऑफर आहे का बघते. ओएलएक्सवर काही सापडलं तर लिंक आधी मला. टोकन म्हणून शंभर रुपयेसुद्धा कुणाला पाठवू नकोस.