सार्वजनिक काका

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतात. वकिलाचे नाव काढले की माणूस आधी खिसा चाचपतो. पण साऱ्यांनी ‘काका’ म्हणावे असेही एक वकील होऊन गेले. आज त्यांची गोष्ट वाचू.

त्यांचे नाव गणेश वासुदेव जोशी. जन्म साताऱ्याचा, साल 1828. म्हणजे ते आपल्याच मुलखातले. कडेगाव आज सांगली जिल्ह्यात असले, तरी तेव्हा सातारा हाच आपला जिल्हा होता. विशीत ते पोटापाण्यासाठी पुण्याला गेले. तिथे कोर्टाच्या नाझर कचेरीत कारकुनी केली. पुढे वकिलीची परीक्षा दिली आणि वकील झाले.

पुण्यात पर्वतीचे देवस्थान आहे. त्याच्या कारभाराबद्दल लोकांची कुरकुर होती. पण सरकारकडे जाऊन बोलणार कोण? गेलाच कोणी, तर साहेब विचारणार, ‘तू कोणाच्या वतीने बोलतोस?’ काका पडले वकील. अशिलाचे वकीलपत्र हातात असल्याशिवाय वकिलाला कोर्टात बोलता येत नाही, हे त्यांना ठाऊक होते. मग साऱ्या लोकांचेच वकीलपत्र का घेऊ नये?

2 एप्रिल 1870 रोजी पुण्यात सार्वजनिक सभा निघाली. औंधचे पंतप्रतिनिधी तिचे पहिले अध्यक्ष झाले. सभासद होण्याची अट मोठी नामी होती. निदान 50 जाणत्या माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणा, मगच सभासद व्हा. मुखत्यारपत्र म्हणजे ‘माझ्या वतीने हा बोलेल’ असे लिहून दिलेला कागद. असे 95 सभासद झाले. पाटीवर हिशेब करा : 95 गुणिले 50. किती आले? 4750. पण सह्या भरल्या 6000 च्या वर! आपल्या देशात मतदान नव्हते, निवडणूक नव्हती, तेव्हाची ही गोष्ट आहे. आम्हाला विचाराल तर काकांचे सर्वांत मोठे काम हेच. या कामांवरूनच त्यांना ‘सार्वजनिक काका’ हे नाव पडले.

सही म्हणजे काय, हे तेव्हा शेतकऱ्याला फार महागात कळत होते. जुन्या कागदांवर शेतकऱ्याच्या नावापुढे ‘निशाणी नांगर’ असे लिहिलेले आढळते. नाव लिहिता येत नसे, म्हणून नांगराची खूण. सावकार रोखा लिही, हा खूण करी. आत पन्नास लिहिलेत की पाचशे, कोणाला ठाऊक? 1875 साली पुणे आणि नगर जिल्ह्यांतले शेतकरी उठले. त्यांनी सावकारांकडून रोखे हिसकावले आणि जाळले. राग होता तो मुख्यतः कागदावर. पुढे 1879 साली सरकारने शेतकऱ्यांसाठी कायदा केला. तो सातारा जिल्ह्यालाही लागू होता. रोखा सरकारी नोंदणीदारापुढे करावा, असे ठरले. मूळ कर्ज किती होते, हे खोदून पाहण्याचा अधिकार कोर्टाला मिळाला.

काका नुसते कागदाचे धनी नव्हते. 1872 साली त्यांनी देशी वस्तूच वापरण्याची शपथ घेतली. ते स्वतः सूत कातीत. 1877 साली दिल्लीला मोठा दरबार भरला. राजेरजवाडे जरीचे कपडे घालून आले. काका खादी घालून गेले! गांधीजी तेव्हा सात वर्षांचे होते. 1876-77 च्या दुष्काळात गावोगावची हलाखी सभेने सरकारला लिहून कळवली.

1879 सालीच वासुदेव बळवंत फडके पकडले गेले. सरकारविरुद्ध बंड केलेला माणूस! त्याचे वकीलपत्र घ्यायचे म्हणजे सरकारची वाकडी नजर ओढवून घ्यायची. काका पुढे झाले आणि पुण्याच्या कोर्टात त्यांच्या बाजूने उभे राहिले. खटला हरला. फडक्यांना जन्मठेप होऊन एडनला पाठवले. पण आरोपीची बाजू कोर्टापुढे मांडली गेली. पुढच्याच वर्षी, 25 जुलै 1880 रोजी, काका वारले. वय अवघे 52.

आज गरिबाला वकील हवा तर काकांची वाट पाहायला नको. 1987 साली विधी सेवेचा कायदा झाला, तो 1995 पासून लागू आहे. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग, तुरुंगातले कैदी, दुष्काळ-पुराने गांजलेले, यांना वकील फुकट मिळतो. बाकीच्यांना उत्पन्नाची अट आहे. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, तिच्याकडे अर्ज करायचा. वकीलपत्रावर सही तुम्हीच करायची. आधी नाव, गाव आणि कोणत्या दाव्यासाठी ते वाचायचे. जागा कोरी असेल तर भरून घ्यायची, मगच सही.

पुढच्या वर्गाला येताना घरातल्या एखाद्या कागदाची नक्कल आणा. सातबारा चालेल, सोसायटीची पावती चालेल. मूळ कागद घरीच ठेवा. प्रत्येकाने आपला कागद स्वतः वाचून दाखवायचा आहे.