खारवट जमिनीची सुधारणा : आधी निचरा, मग जिप्सम

पुणे जिल्ह्यात नीरा डाव्या कालव्याचे पाणी १८८५ साली सुरू झाले. अवर्षणाच्या मुलखात ऊस उभा राहिला; परंतु पुढे सखल भागातील काळ्या जमिनी पाणथळ होऊन त्यांवर पांढरे क्षार फुटू लागले. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे तत्कालीन प्राचार्य डॉ. हॅरल्ड मॅन व त्यांचे सहकारी ताम्हणे यांनी या जमिनींचा अभ्यास १९१० साली प्रसिद्ध केला.

जमीन खारवट होण्याचे कारण सरळ आहे. जादा पाणी मुरून भूजल वर येते. ते मातीतून पृष्ठभागी चढते, उन्हाने त्याची वाफ होते आणि क्षार मागे राहतात. म्हणून सुधारणेचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा.

१. माती परीक्षण : क्षारयुक्त जमिनीत विद्राव्य क्षार अधिक असतात, निचरा करून गोड्या पाण्याने ते धुऊन काढता येतात. चोपण जमिनीत सोडियम मातीच्या कणांना चिकटलेला असतो व सामू बहुधा ८.५ हून अधिक असतो. तेथे जिप्सम लागते. त्याची मात्रा प्रयोगशाळेच्या अहवालावरून ठरवावी.

२. निचरा : जिप्सममधील कॅल्शियम सोडियमला कणांवरून हुसकावतो; परंतु सुटलेला सोडियम पाण्याबरोबर शेताबाहेर गेला पाहिजे. चर नसतील तर तो तेथेच राहतो आणि जिप्समचा खर्च वाया जातो.

३. पीक व पाणी : जिप्सम मातीत मिसळून पाणी द्यावे. क्षार धुतल्यावर धैंचा घेऊन फुलोऱ्यात गाडावा. आरंभी गहू, कापूस, बीट यांसारखी क्षार सोसणारी पिके घ्यावीत. उसास प्रमाणातच पाणी द्यावे. अन्यथा भूजल पुन्हा वर येईल.

यात मृदाशास्त्रज्ञ, अभियंता व पीकतज्ज्ञ या तिघांचेही काम आहे. परंतु चौथे काम गावाचेच आहे. एका शेतातील चराचे पाणी ओढ्यापर्यंत न्यावयाचे, तर वाटेत शेजाऱ्यांची शेते लागतात. एकाने अडविले तर वरच्या सर्वांच्या जमिनी बुडतात. यास्तव गावपातळीवरील कार्यकर्त्याने जिप्समची मागणी नोंदविण्यापूर्वी उतारावरील सर्व खातेदारांना एकत्र बसवावे, शिवारफेरी काढावी व चराची वाट सर्वसंमतीने आखून घ्यावी. खारवट जमीन एकट्याची असली, तरी तिचा निचरा साऱ्या शिवाराचा असतो.