भंडाऱ्यात बसून असेंबल्ड पीसीचा धंदा: मशीन कुणासाठी आणि पैसा कशात?

व्हिडिओत आपण हाय परफॉर्मन्स डेस्कटॉप जोडून दाखवला, मदरबोर्डवर प्रोसेसर बसवण्यापासून विंडोज सुरू होईपर्यंत. ते बघून बऱ्याच जणांना वाटतं, अरे, हे तर मलाही जमेल. जमेलच. मूठभर स्क्रू, सात-आठ वायरी आणि बहुतेक पिना अशा की उलट्या बसतच नाहीत. पण अडचण तिथेच आहे. जे काम थोड्या सरावानंतर दोन तासांत कुणालाही जमतं, त्याचे पैसे गिऱ्हाईक फारसे देत नाही. म्हणून या लेखात स्क्रू ड्रायव्हर बाजूला ठेवू आणि वही उघडू.

समजा, तुम्ही भंडारा शहरात आहात आणि साकोलीच्या एका मुलाने गेमिंग मशीन सांगितली. सुटे भाग तुम्ही नागपूरहून आणले, ६५,००० रुपयांचे. मशीन विकली ६९,००० ला. हे आकडे समजण्यासाठी धरलेत, तुमचे वेगळे असतील. हातात दिसतात ४,०००. नागपूर आपल्यापासून साठेक किलोमीटर, दोन चकरा झाल्या, बस, रिक्षा, जेवण धरून १,२०० गेले. उरले २,८००. जोडणी, विंडोज, ड्रायव्हर, टेस्टिंग यात एक दिवस. महिनाभराने फोन येतो, "भाऊ, मशीन चालूच होत नाही." साकोलीला जाणं-येणं ३००, मदरबोर्ड वॉरंटीत बदलायला पुन्हा नागपूर ६००. आता उरले १,९००, आणि दिवस गेले सगळे मिळून तीन-चार. दिवसाची मजुरी काढा. हा हिशोब न करता जे दुकान टाकतात, त्यांचं शटर वर्ष-दीड वर्षात खाली येतं आणि दोष मात्र ऑनलाइन विक्रीवाल्यांना जातो.

ऑनलाइनचं म्हणाल, तर गिऱ्हाईक तुमच्यासमोर उभं राहून मोबाईलवर ग्राफिक्स कार्डाचा भाव बघणार. बघू द्या. भावावर तुम्ही जिंकणार नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडचा आणि दिल्लीच्या नेहरू प्लेसचा व्यापारी जेवढा माल उचलतो, तेवढा आपण उचलत नाही. त्यामुळे माझा सल्ला स्पष्ट आहे: सुट्या भागांवरचा नफा कमी ठेवा, भाव उघड सांगा आणि बिलावर वेगळी ओळ लिहा, "जोडणी, चाचणी व एक वर्ष सेवा". त्याचे २,५०० किंवा ३,००० घ्या. सुरुवातीला मागताना जीभ अडखळते. पण गिऱ्हाईकाला सेवा दिसली की तो पैसे देतो. पार्टच्या भावात लपवलेले पैसे त्याला फसवणूक वाटते.

आता सेवा दिसणार कशी? मशीन कुणासाठी आहे हे विचारण्यापासून. आपल्याकडे पहिला प्रश्न हमखास येतो, "भाऊ, जीटीए चालते का याच्यात?" कॉलेजच्या मुलाचं ठीक आहे, त्याचा निम्म्याच्या आसपास पैसा ग्राफिक्स कार्डात जाऊ द्या. पण तुमचं नियमित पैसे देणारं गिऱ्हाईक तो नाही. तो चार वर्षांतून एकदा येतो आणि चार मित्रांना विचारून येतो. धंदा उभा राहतो तो रोज मशीनवर बसून कमावणाऱ्या माणसांवर: लग्नाचे व्हिडिओ करणारे, फ्लेक्सवाले, घराचे नकाशे काढणारे सिव्हिल इंजिनिअर, जीएसटी भरणारे, सेतूवाले. भंडारा, तुमसर, पवनी, लाखांदूर, कुठेही जा, बाजारपेठेत यांची दुकानं सापडतील. दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम सुरू झाला की चौकाचौकात लागणारे फ्लेक्स कुणाच्या तरी मशीनवरच तयार होतात ना!

यांच्या गरजा एकसारख्या नाहीत, आणि दुकानदार इथेच सगळ्यांना एकच "आय सेव्हन, सोळा जीबी" विकून मोकळा होतो. टॅली आणि रिटर्न भरणाऱ्याला ग्राफिक्स कार्ड लागतच नाही. त्याला एसएसडी, बरा मॉनिटर आणि बॅकअपला दुसरी डिस्क द्या. त्याचे वाचलेले पंधरा-वीस हजार हीच तुमची जाहिरात. फ्लेक्सवाल्याच्या कोरल आणि फोटोशॉपच्या फाइली अवाढव्य असतात, त्याला रॅम जास्त आणि एसएसडी वेगवान हवी. साध्या ऑटोकॅडच्या टू-डी कामात प्रोसेसरच्या एकेका कोरचा वेग महत्त्वाचा, कोर किती हे नंतर. थ्री-डी रेंडरिंग करणारा आला तरच गणित बदलतं.

लग्नाच्या व्हिडिओवाल्याचं प्रकरण जरा खोलात बघू, कारण आपल्या भागात हे गिऱ्हाईक मोठं आहे आणि त्याचं दुखणं नेमकं ओळखणारे कमी. तो तक्रार करतो की महागडं कार्ड टाकूनही टाइमलाइन अडकते. तेव्हा आधी विचारा, कॅमेरा कोणता आणि रेकॉर्डिंग कोणत्या फॉरमॅटमध्ये? नवीन कॅमेऱ्यांमध्ये एचईव्हीसी, १० बिट, ४:२:२ असं रेकॉर्डिंग करता येतं. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३० आणि ४० मालिकेतल्या कार्डांना हा प्रकार हार्डवेअरमध्ये उलगडता येत नाही. ती सोय ५० मालिकेत आली. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरमधल्या अंगभूत ग्राफिक्सला मात्र तो येतो. म्हणजे अशा माणसाला नावाच्या शेवटी 'एफ' असलेला इंटेल प्रोसेसर दिला, की थोडे पैसे वाचतात आणि नेमकी त्याच्या कामाची गोष्टच निघून जाते, कारण 'एफ'मध्ये अंगभूत ग्राफिक्स नसतं. ही एक गोष्ट समजावून सांगणारा माणूस तालुक्यात एकच असेल, तर सगळे फोटोग्राफर त्याच्याकडे येतील. त्यांची आपापसात ओळख असतेच, हंगामात एकमेकांची कामं करतात.

गेमरचा विषय दोन ओळीत संपवतो. रॅमच्या दोन पट्ट्या घ्या, एक नाही. बायोसमध्ये रॅमचा एक्सएमपी किंवा एक्स्पो प्रोफाइल चालू करा. मॉनिटरची केबल मदरबोर्डला नाही, ग्राफिक्स कार्डाला लावा. आणि १४४ हर्ट्झचा मॉनिटर विंडोजच्या सेटिंगमध्ये ६० वरच राहिलाय का ते बघा. "कार्ड बेकार निघालं" या तक्रारींपैकी बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात.

आपल्या हवामानाची आणि विजेची गोष्ट

यूट्यूबवरची इंग्रजी टेस्टिंग एसीच्या खोलीत झालेली असते. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि मशीन असते पत्र्याखालच्या दुकानात. साधं गणित आहे: खोलीचं तापमान जेवढं वाढेल, साधारण तेवढंच आतल्या पार्टचंही वाढतं. २५ अंशांच्या खोलीत पूर्ण लोडवर ७५ दाखवणारा प्रोसेसर ४२ अंशांत ९२ च्या आसपास जाईल. साधारण ९५ ते १०० अंशांना बहुतेक प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतात, आणि गिऱ्हाईक म्हणतं, उन्हाळ्यात मशीन स्लो होते. म्हणून समोर पूर्ण काच असलेली चमचमती कॅबिनेट टाळा. जाळी असलेली घ्या, समोरून दोन पंखे हवा आत ओढणारे, मागून एक बाहेर टाकणारा. धूळ अडवायची जाळी काढून धुता येईल अशी हवी. राईस मिलच्या जवळ दुकान असेल तर दर महिन्याला.

विजेचं त्याहून महत्त्वाचं. मशीन देताना एक मल्टिमीटर सोबत न्या आणि सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थिंगमधला व्होल्टेज मोजा. एक-दोन व्होल्टच्या आसपास असेल तर ठीक. बराच जास्त दाखवत असेल किंवा अर्थिंगच नसेल, तर आधी इलेक्ट्रिशियन, मग मशीन. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, ही तक्रार मशीनची नसते, भिंतीची असते.

यूपीएसमध्येही फसगत ठरलेली. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच उचलतो. गेमिंग मशीन आणि मॉनिटर मिळून त्याहून जास्त खेचू लागले, की लाइट गेल्याक्षणी यूपीएस ओरडून बंद. अशा मशीनला ११०० व्हीए तरी द्या. चांगल्या पॉवर सप्लायमध्ये ॲक्टिव्ह पीएफसी असतं आणि स्वस्त यूपीएस किंवा जुन्या इन्व्हर्टरच्या चौकोनी लाटेवर काही पॉवर सप्लाय मधेच बंद पडतात. तिथे शुद्ध साइन वेव्हवाला यूपीएस लागतो. आणि पॉवर सप्लाय हा कमी भावात बसवायचा पार्ट नव्हेच. बॉक्सवर ८० प्लसची खूण आणि बीआयएसचा नोंदणी क्रमांक बघा. कॅबिनेटसोबत फुकट आलेला पॉवर सप्लाय ग्राफिक्स कार्डाला जोडणं म्हणजे नव्या ट्रॅक्टरला रॉकेल पाजणं.

सुटे भाग जोडून मोठं काम होतं, याचं उदाहरण आपल्या विदर्भाशीच जोडलेलं आहे. विजय भटकर यांचा जन्म अकोला जिल्ह्यातला, इंजिनिअरिंग नागपूरच्या विश्वेश्वरय्या कॉलेजात. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झालं आणि १९९१ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली 'परम ८०००' हा सुपरकॉम्प्युटर तयार झाला. त्यातली प्रोसेसर चिप भारतात बनलेली नव्हती. ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर होते, जे बाजारात विकत मिळायचे. ते शेकड्यांनी एकत्र कामाला लावणारी रचना आणि सॉफ्टवेअर, हे पुण्याचं.

पण धंद्याच्या दृष्टीने मला जास्त जवळचं वाटतं ते कैलास काटकर यांचं. साताऱ्याच्या रहिमतपूरचे. दहावीनंतर शिक्षण सुटलं, कॅल्क्युलेटर दुरुस्तीचं काम शिकले आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला पुण्यात स्वतःचं दुरुस्तीचं काम सुरू केलं. कॉम्प्युटर दुरुस्तीला येऊ लागले तसं लक्षात आलं की अनेक मशीन व्हायरसमुळे येतायत. भाऊ संजय यांनी त्यावर सॉफ्टवेअर लिहिलं आणि त्यातून क्विक हील उभी राहिली. २०१६ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. प्रत्येकाची क्विक हील होणार नाही हे उघड आहे. मला यातून घ्यायची आहे ती दुरुस्तीची वही. तुमच्याकडे एकच तक्रार दहादा आली, तर ती कुठे, कुणाकडे, कोणत्या महिन्यात आली हे लिहिलेलं आहे का?

आजच्या काळातली अशी एक तक्रार सांगतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. म्हणजे आपल्या बाजारपेठेतल्या बऱ्याच जुन्या मशीन अधिकृतपणे पुढे जाऊ शकत नाहीत. तुम्ही दुकानोदुकानी जाऊन मशीन तपासून देऊ शकता: ही चालेल, हिला फक्त एसएसडी आणि रॅम टाका, ही मात्र बदला. यातून एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचे करार मिळतात. वीस दुकानं, वर्षाला ३,००० प्रमाणे, झाले ६०,०००. महिन्याला ५,०००. रक्कम छोटी आहे, पण दुकानाचं भाडं यातून निघेल, आणि नवी मशीन घ्यायची वेळ आली की तो तुम्हालाच विचारेल.

कागदपत्रांचं थोडं. उद्यम नोंदणी मोफत आहे, कुणाला पैसे देऊ नका. जीएसटीत महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्याला नोंदणीची मर्यादा ४० लाखांची, पण सेवा देणाऱ्याला २० लाखांची. तुम्ही पार्टही विकणार आणि सर्व्हिसही देणार, म्हणून २० लाख धरून चाला आणि सीएला विचारा. ६९,००० च्या २९ मशीन विकल्या की २० लाख होतात, लक्षात ठेवा. नफा नाही, उलाढाल मोजतात. शिवाय फ्लेक्सवाला, मिलवाला जीएसटीत असेल तर त्याला इनपुट क्रेडिटसाठी टॅक्स बिल लागतं, कंपोझिशनवाल्याचं बिल त्याच्या कामाचं नाही. भांडवलासाठी मुद्रा आणि मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम आहेत, चौकशी बँकेत आणि जिल्हा उद्योग केंद्रात करा. पण कर्ज काढून ग्राफिक्स कार्डांचा स्टॉक भरू नका. नवीन मालिका आली की जुना माल पडून राहतो. ॲडव्हान्स घ्या, मग माल आणा.

कोटेशनवर तारीख आणि मुदत लिहायचीच. २०२५ च्या अखेरीला एआय डेटा सेंटरच्या मागणीमुळे रॅमचे भाव काही महिन्यांतच भडकले. ज्यांनी तोंडी भाव सांगून ठेवला होता त्यांच्या खिशाला चाट. "हा भाव ३ दिवसांसाठी" एवढी ओळ पुरते. प्रत्येक पार्टच्या सिरीयल नंबरचा फोटो काढा, बिल आणि बॉक्स जपा, कारण असेंबल्ड मशीनमध्ये वॉरंटी पार्टनिहाय असते.

आणि क्रॅक सॉफ्टवेअर टाकून द्यायचं नाही. गिऱ्हाईक आग्रह करेल, बाजूचा दुकानदार फुकट टाकून देतो म्हणेल. कॉपीराइट कायद्यात चोरीचं सॉफ्टवेअर जाणूनबुजून वापरण्याला कैद आणि दंड दोन्ही आहेत, आणि त्या क्रॅकसोबत आलेल्या व्हायरसने लग्नाचं फुटेज लॉक झालं तर फोन तुम्हालाच येणार. डाव्हिंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती आहे, ब्लेंडर मोफत आहे. आधी ते दाखवा.

या आठवड्याचं काम: तुमच्या तालुक्याच्या बाजारपेठेतल्या दहा दुकानांत जा. विकायला नाही, विचारायला. मशीन किती जुनी, कोणतं सॉफ्टवेअर, शेवटची बंद पडली ती कधी, किती दिवस काम थांबलं आणि दुरुस्तीला कुणाला बोलावलं, किती दिले. पाच रकाने, दहा ओळी, वहीचं एक पान. पुढच्या व्हिडिओत त्या पानावरून पहिलं कोटेशन आणि एएमसीचा करार लिहायला घेऊ.