परदेशातील वास्तव्य : परकीयाचे कायदेशीर स्थान आणि व्यवहारातील प्रश्न

पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ च्या आरंभी आपल्या काकांसह उत्तरेकडे निघाले, ते देशाटनासाठी नव्हे. घरावर कर्ज होते आणि बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार असून तेथे भरपूर दक्षिणा मिळेल, अशी वार्ता कोकणात पोहोचली होती. वाटेत उठाव भडकला. पुढे झाशीत नेवाळकरांच्या दरबाराचा आश्रय मिळाला, पण १८५८ च्या मार्च-एप्रिलमध्ये ह्यू रोजच्या सैन्याने शहराला वेढा घातला व ते जिंकले, तेव्हा गोडसे शहरातच होते. मिळवलेले द्रव्य लुटीत गेले. त्यांनी पुढे लिहून ठेवलेली ही हकिगत चिंतामणराव वैद्य यांनी १९०७ मध्ये ‘माझा प्रवास’ या नावाने प्रसिद्ध केली. इतिहासाचे अभ्यासक हे पुस्तक राणी लक्ष्मीबाईंसाठी वाचतात. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला मात्र त्यात स्थलांतरित श्रमिकाचे सर्व प्रश्न दिसतात. कर्जापायी सोडलेले घर, ऐकीव माहितीवर केलेला प्रवास, एका आश्रयदात्यावर अवलंबून असलेले राहणे, कमाई घरी पाठविण्याच्या खात्रीच्या साधनाचा अभाव आणि संकटसमयी दाद मागण्यास कोणीही नसणे, हे सारे त्यात आहे. गोडसे ज्या मुलखांतून गेले ते आज एकाच देशाचे भाग आहेत. आखाती देशांत जाणाऱ्या कामगारापुढे मात्र हेच प्रश्न आजही आहेत. फरक एवढाच की त्यांपैकी बहुतेकांवर आता काही ना काही कायदा आहे. तो कोठपर्यंत पुरतो, हे या लेखात पाहावयाचे आहे.

परकीयाला अधिकार कोठून मिळतात?

परदेशात राहणारी व्यक्ती एकाच वेळी दोन राज्यांच्या अधिकारकक्षेत असते. प्रवेश, निवास, काम आणि शिक्षा या बाबतींत यजमान देशाचा कायदा लागू होतो. नागरिकत्व, पारपत्र आणि संरक्षण यांचा संबंध मायदेशाशी राहतो. या दोहोंमधील दुवा आंतरराष्ट्रीय कायदा जोडतो, पण तो बराचसा सौम्य आहे.

यजमान राज्याचे अधिकार किती व्यापक असतात, हे आपल्याच कायद्यावरून समजते. भारतीय संविधानातील अनुच्छेद १४, २०, २१ आणि २२ हे ‘व्यक्ती’ला संरक्षण देतात, तर अनुच्छेद १५, १६, १९, २९ आणि ३० यांतील अधिकार केवळ नागरिकांसाठी आहेत. म्हणून परकीयाला जीविताचा अधिकार आहे, परंतु भारतात कोठेही वास्तव्य करण्याचा मूलभूत अधिकार नाही. हान्स म्युलर प्रकरणात (१९५५) सर्वोच्च न्यायालयाने परकीयाला देशाबाहेर काढण्याचा शासनाचा अधिकार अनिर्बंध मानला. याउलट चंद्रिमा दास प्रकरणात (२०००) अत्याचारग्रस्त बांगलादेशी महिलेला अनुच्छेद २१ खाली भरपाई मिळाली. हे दोन्ही निर्णय शेजारी ठेवून वाचावेत, कारण परीक्षेत बहुधा यांतील सीमारेषाच विचारली जाते. १९४६ चा परकीय नागरिक कायदा व त्यासोबतचे तीन जुने कायदे रद्द करून त्यांच्या जागी इमिग्रेशन आणि परकीय नागरिक कायदा, २०२५ आला असून तो १ सप्टेंबर २०२५ पासून लागू आहे. जुन्या पुस्तकांतून अभ्यास करणाऱ्यांनी हा बदल नोंदवून ठेवावा.

आपण परकीयांना जे नाकारतो, तेच इतर देश आपल्या नागरिकांना नाकारू शकतात. त्याबद्दल तक्रार करण्यास कायद्यात फारशी जागा नाही. स्थलांतरित कामगारांच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा १९९० चा करार २००३ मध्ये अमलात आला. परंतु प्रमुख यजमान देशांनी तो स्वीकारलेला नाही, आणि भारतानेही नाही.

निघण्यापूर्वीचा कायदा

परदेशी जाण्याचा अधिकार हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, हे सतवंतसिंग साहनी (१९६७) व मनेका गांधी (१९७८) या निर्णयांनी ठरले. पहिल्या निर्णयानंतर पारपत्र कायदा, १९६७ करण्यात आला. त्याच्या कलम १७ नुसार पारपत्र ही कायम केंद्र सरकारची मालमत्ता असते. हे कलम वरवर तांत्रिक वाटते, परंतु मालकाने कामगाराचे पारपत्र ठेवून घेणे ही आखाती देशांतील जुनी तक्रार आहे. ते ठेवून घेणारा केवळ कामगाराची अडवणूक करीत नाही, तर दुसऱ्या राज्याची मालमत्ता अडकवून ठेवतो. दूतावासाला हस्तक्षेप करण्यास येथे भक्कम आधार मिळतो.

कामगारांच्या संरक्षणाचा मुख्य कायदा म्हणजे उत्प्रवासन कायदा, १९८३. दहावी उत्तीर्ण नसलेल्यांच्या पारपत्रावर सामान्यतः ‘ईसीआर’ असा शेरा असतो. अशा व्यक्तीस ठरावीक १८ देशांत नोकरीसाठी जाताना उत्प्रवासी संरक्षकाची मंजुरी लागते. सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, कतार, कुवेत, ओमान, बहारीन व मलेशिया हे त्यांतील महत्त्वाचे देश होत. आता ही मंजुरी ‘ई-मायग्रेट’ प्रणालीद्वारे दिली जाते. भरती करणारा दलाल नोंदणीकृत असावा लागतो आणि त्याला कामगाराकडून अधिकाधिक ३०,००० रुपये व त्यावरील वस्तू व सेवा कर एवढेच शुल्क घेता येते. प्रवासी भारतीय विमा योजनेत अपघाती मृत्यू वा कायम अपंगत्वासाठी १० लाख रुपयांचे संरक्षण असून दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये आहे.

इतके असूनही फसवणूक होते. त्याचे एक कारण असे की, मंजुरी टाळण्यासाठी दलाल कामगाराला पर्यटन व्हिसावर पाठवितात. असा कामगार यजमान देशात पोहोचताच बेकायदा ठरतो. त्याच्याजवळ करार नसतो, विमा नसतो आणि तक्रार करणे म्हणजे स्वतःलाच अटकेसाठी हजर करणे होय. १९८३ च्या कायद्यात अनधिकृत भरतीसाठी दोन वर्षांपर्यंतचा कारावास व दोन हजार रुपयांपर्यंतचा दंड आहे. एका उमेदवाराकडून लाख-दीड लाख उकळणाऱ्यास हा दंड व्यवसायाचा किरकोळ खर्च वाटला, तर नवल नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने नव्या कायद्याचा मसुदा सूचनांसाठी प्रसिद्ध केला, त्यामागे ही निकड होतीच.

प्रायोजकाच्या हाती निवासाचा हक्क

आखाती देशांतील ‘कफाला’ पद्धतीत निवासाचा परवाना मालकाच्या प्रायोजकत्वाशी बांधलेला असतो. नोकरी सुटली की निवासाचा हक्कही जातो. श्रमाच्या बाजारपेठेची भाषा वापरायची, तर येथे मालकाला खरेदीदाराची मक्तेदारी मिळते. कामगाराला दुसरीकडे अधिक वेतन मिळत असले तरी तो जाऊ शकत नाही, म्हणून पहिल्या मालकाला वेतन वाढविण्याचे कारण उरत नाही. कतारने २०२० मध्ये नोकरी बदलण्यासाठी मालकाच्या ना-हरकतीची अट काढली. सौदी अरेबियात मार्च २०२१ मध्ये सुधारणा झाल्या, पण घरकामगार त्यांतून वगळले गेले. घराच्या चार भिंतींआड काम करणाऱ्या, सर्वांत दुर्बळ गटाला सुधारणा सर्वांत उशिरा मिळते, ही गोष्ट नजरेतून सुटू नये.

या संदर्भात झाशीचेच एक उदाहरण पाहण्याजोगे आहे. गंगाधररावांच्या मृत्यूनंतर लॉर्ड डलहौसीने दत्तकविधान नाकारून १८५४ मध्ये संस्थान खालसा केले. तेव्हा राणी लक्ष्मीबाईंनी जॉन लँग या वकिलाला पाचारण केले. लँग ऑस्ट्रेलियात जन्मलेला होता आणि ज्योतिप्रसाद या पुरवठादाराच्या प्रकरणात त्याने कंपनीविरुद्ध यश मिळवले होते. लँगने स्वतः लिहून ठेवल्याप्रमाणे, राणींनी इंग्लंडच्या राजसत्तेकडे अर्ज करावा आणि दरम्यान निवृत्तिवेतन स्वीकारावे, मात्र त्याने दत्तक वारसाच्या हक्काला बाध येत नाही असे निषेधपूर्वक नोंदवावे, असा त्याचा सल्ला होता. राणींनी तो मानला नाही आणि पुढचा इतिहास सर्वज्ञात आहे. राजकीयदृष्ट्या तो सल्ला अपुरा होता. वकिली म्हणून मात्र त्यातील ‘हक्क राखून स्वीकारणे’ ही युक्ती आजच्या कामगाराला उपयोगी आहे. मायदेशी परतताना ‘सर्व येणे मिळाले’ अशा कागदावर, बहुधा न समजणाऱ्या भाषेत, सही घेतली जाते आणि थकीत वेतनाचा दावा तेथेच संपतो. रक्कम घ्यावी, पण किती व कशापोटी घेतली आणि किती बाकी आहे हे सहीसोबत लिहावे, कराराची प्रत घरी ठेवावी आणि निघण्यापूर्वी दूतावासाला कळवावे. भारतीय समुदाय कल्याण निधी २००९ पासून अशा अडचणींत परतीचे तिकीट, निवारा व कायदेविषयक मदत पुरवितो.

अटक झाल्यास

वाणिज्य दूतसंबंधांविषयीच्या १९६३ च्या व्हिएन्ना कराराचा अनुच्छेद ३६ येथे लागू होतो. अटक झालेल्या परकीयाला त्याच्या दूतावासाशी संपर्काचा हक्क आहे, हे विनाविलंब सांगणे यजमान राज्यावर बंधनकारक आहे. कुलभूषण जाधव प्रकरणात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १७ जुलै २०१९ रोजी पंधरा विरुद्ध एक मतांनी पाकिस्तानने या अनुच्छेदाचा भंग केल्याचे ठरविले. न्यायालयाने सुटकेचा आदेश दिला नाही, तर शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करावा असे सांगितले. विद्यार्थी हा फरक अनेकदा विसरतात. दूतावास वकील मिळवून देऊ शकतो, भेट घेऊ शकतो, खटल्यावर लक्ष ठेवू शकतो. यजमान देशाचा निकाल बदलणे त्याच्या हाती नसते.

पैसा, कर आणि जमीन

रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये भारतात सुमारे ११८.७ अब्ज डॉलर परदेशातून आले. त्यात अमेरिकेचा वाटा २७.७ टक्के, तर अमिरातीचा १९.२ टक्के होता. राज्यांमध्ये महाराष्ट्राचा वाटा २०.५ आणि केरळचा १९.७ टक्के होता. ईसीआर मंजुऱ्यांमध्ये गेली अनेक वर्षे अग्रभागी असलेल्या, झाशी ज्यात आहे त्या उत्तर प्रदेशाचा वाटा मात्र यांच्या तुलनेत फारच लहान आहे. पाठविलेल्या माणसांची संख्या आणि आलेला पैसा यांतील ही तफावत कौशल्याची आहे.

परकीय चलन व्यवस्थापन कायदा (फेमा), १९९९ खाली, नोकरीसाठी देश सोडणारी व्यक्ती अनिवासी ठरते. तिचे साधे बचत खाते ‘एनआरओ’ खात्यात बदलावे लागते. परदेशी कमाईसाठीचे ‘एनआरई’ खाते वेगळे असते. त्यातील रक्कम मुक्तपणे परत नेता येते व व्याज करमुक्त असते. एनआरओतून वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंतच रक्कम बाहेर नेता येते. आयकरातील निवासाची १८२ दिवसांची कसोटी निराळी आहे, म्हणून एखादी व्यक्ती एका कायद्याखाली निवासी व दुसऱ्याखाली अनिवासी असू शकते. कोकणातील कुटुंबांना विशेष जाचणारा नियम जमिनीचा आहे. अनिवासी भारतीयाला शेतजमीन, मळा वा फार्महाऊस विकत घेता येत नाही. वारशाने मात्र ती मिळू शकते.

उच्चशिक्षितांचे प्रश्न निराळे आहेत. अमेरिकेत सामाजिक सुरक्षेचे निवृत्तिवेतन मिळण्यासाठी साधारण दहा वर्षांचे अंशदान लागते. त्याआधी परतणाऱ्या भारतीय अभियंत्याने भरलेली रक्कम बुडते, कारण त्या देशाशी भारताचा सामाजिक सुरक्षा करार नाही. बेल्जियमशी असा पहिला करार २००९ मध्ये लागू झाला आणि त्यानंतर इतर अनेक देशांशी झाला.

नागरिकत्वाच्या बाबतीत अनुच्छेद ९ आणि नागरिकत्व कायदा, १९५५ यांमुळे परदेशी नागरिकत्व स्वेच्छेने घेताच भारतीय नागरिकत्व संपते. ‘ओव्हरसीज सिटिझन’ या नावात नागरिक हा शब्द असला तरी त्या कार्डधारकाला मतदानाचा, संवैधानिक पदाचा वा शेतजमीन खरेदीचा अधिकार नाही. पारपत्र न बदललेल्या अनिवासी भारतीयाचे नाव लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २०अ नुसार २०११ पासून मतदार यादीत येऊ शकते. पण मत देण्यासाठी त्याला पारपत्रातील पत्त्याच्या मतदान केंद्रावर स्वतः यावे लागते. रियाधमधील गवंड्याला केवळ मतासाठी एवढा विमानखर्च परवडणारा नाही. पाळीचा पगार बुडतो तो वेगळाच.