सात सुरांतील पाच सूर

गिटार अथवा पेटी शिकू लागलेला विद्यार्थी प्रथम सात सुरांचे सप्तक घोकतो, मग पाच सुरांचे. आणि ही दोन निराळी ओझी आहेत असे समजून कंटाळतो. वस्तुतः दुसरे पहिल्याच्याच पोटात आहे, हे आम्ही येथे दाखवू इच्छितो.

गिटारीचा एक पडदा म्हणजे अर्ध्या सुराचे अंतर. मोकळ्या तारेस सा मानावे. मग रे दुसऱ्या, ग चौथ्या, म पाचव्या, प सातव्या, ध नवव्या, नी अकराव्या व वरचा सा बाराव्या पडद्यावर येतो. हेच पाश्चात्त्यांचे मेजर सप्तक व आपला बिलावल थाट. यात ग-म व नी-सा या दोनच जोड्यांत एका पडद्याचे अंतर आहे. म आणि नी वगळले की ही अतिजवळीक नाहीशी होते, आणि उरतात सा, रे, ग, प, ध. पाश्चात्त्य यास पेंटॅटॉनिक म्हणतात. आपण यांस भूपाचे सूर म्हणून ओळखतो.

ज्यांच्यापाशी गिटार नाही, त्यांनी गावच्या भजनमंडळाच्या पेटीवर केवळ काळ्या पट्ट्या वाजवून पाहाव्या. काळी तीनला सा मानले तर भूपाचे सूर निघतात. काळी एकला सा मानले तर दुर्गाचे, आणि काळी पाचला मानले तर मालकंसाचे! पट्ट्या त्याच, केवळ सा हलला. यासच मूर्च्छना म्हणतात.

मात्र सूर तेच म्हणजे राग तोच, असे कोणी समजू नये. पंडित भातखंडे (१८६०–१९३६) यांनी दहा थाटांची व्यवस्था लाविली. तीत भूप कल्याण थाटात आहे व देशकार बिलावलात. दोहोंचे सूर मात्र हेच पाच. वगळलेला म शुद्ध होता की तीव्र, हे उरलेले सूर सांगत नाहीत; ते रागाची चाल सांगते. भूपात ग प्रधान व वेळ रात्रीची. देशकारात ध प्रधान व वेळ सकाळची.

तेव्हा पाच सूर वाजविताना न वाजविलेल्या दोहोंचेही स्मरण असावे. काय गाळले हे ज्यास कळले, त्यासच काय राखले याचे मोल कळते. पालकांसही आमची विनंती, की मूल काळ्या पट्ट्यांवर तासभर रमले तर त्यास खुशाल रमू द्यावे.