काटकसरीचा वनप्रवास

नागपूरच्या दक्षिणेस असलेल्या बेसा येथील मुलांना अरण्य नवे नाही. पेंच आणि उमरेड-कऱ्हांडला ही वने त्यांना जवळची. साग, मोह आणि तेंदू ही झाडे त्यांच्या ओळखीची. समुद्र मात्र त्यांच्यापासून फार दूर आहे. नागपूरहून निघालेली आगगाडी सुमारे ८४० किलोमीटर धावते, तेव्हा कोठे मुंबई येते. समुद्रकाठचे अरण्य पाहावयाचे तर पुष्कळ पैसा हवा, अशी अनेकांची समजूत असते. म्हणूनच सहलीच्या वर्गणीचा आकडा ऐकताच वर्गातील दोन-चार मुले मुकाट्याने मान खाली घालतात. ही मुले मागे राहू नयेत, हाच काटकसरीचा खरा हेतू होय.

मुंबईच्या उत्तर भागात बोरिवली येथे एक विस्तीर्ण राष्ट्रीय उद्यान आहे. ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यान या नावाने ओळखले जाते. त्याचे क्षेत्र सुमारे १०४ चौरस किलोमीटर आहे. एवढ्या गजबजलेल्या नगराच्या कुशीत बिबटे, चितळ आणि सांबर नांदतात, हे नवलच नव्हे काय? उद्यानाच्या उत्तर टोकाशी वसईची खाडी असून तिच्या काठी खारफुटीची झाडे आहेत. डोंगरउतारांवर कारवीची दाट झुडपे आढळतात. कारवी सुमारे आठ वर्षांतून एकदाच फुलते आणि मग सारा उतार जांभळा होतो.

येथवर अल्प खर्चात पोहोचण्यासाठी पहिली गोष्ट हवी ती म्हणजे पूर्वतयारी. नोव्हेंबर २०२४ पासून आगगाडीचे आरक्षण साठ दिवस आधी सुरू होते. तारीख लवकर ठरविली म्हणजे शयनयानात जागा मिळते आणि ऐन वेळी महागडा मार्ग धरावा लागत नाही. विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक सहलीस रेल्वे भाड्यात सवलत देते. त्यासाठी शाळेचे प्रमाणपत्र आधी मिळवावे लागते. सायंकाळी नागपूर सोडणाऱ्या गाडीने सकाळी मुंबई गाठावी व त्याच दिवशी रात्रीच्या गाडीने परतावे. दोन्ही रात्री प्रवासात जातात आणि निवासाचा खर्च मुळीच उरत नाही. दादरला उतरून पश्चिम रेल्वेच्या लोकलने बोरिवलीस जाता येते. सकाळी नोकरदारांची गर्दी दक्षिणेकडे लोटत असते. उत्तरेकडे जाणाऱ्यास ती त्या मानाने कमी सोसावी लागते. बोरिवली स्थानकापासून उद्यानाचे महाद्वार पायी जाण्याजोगे आहे.

सहलीसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम. सोमवारी उद्यान बंद असते, हे विसरल्यास सारा प्रवास फुकट जावयाचा! घरूनच दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, चिवडा आणि पाण्याची बाटली बरोबर घ्यावी. नागपूरची हवा कोरडी, समुद्रकाठची दमट. तेथे घाम लवकर वाळत नाही. म्हणून सुती कपडे घालावेत आणि तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी प्यावे.

महाद्वारापासून कान्हेरीची लेणी सुमारे सहा-सात किलोमीटर आत आहेत. काळ्या बेसाल्ट खडकात खोदलेली ही बौद्ध लेणी शंभरांहून अधिक आहेत. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमारास सुरू झालेले हे काम पुढे सुमारे हजार वर्षे चालू होते. लेण्यांच्या प्रवेशासाठी निराळे तिकीट लागते; पंधरा वर्षांखालील मुलांना मात्र ते लागत नाही. तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहातील बुद्धांच्या भव्य मूर्तींपुढे पाऊल आपोआप थबकते.

परंतु काटकसरीचा खरा धडा मूर्तींपेक्षाही तेथील पाण्याच्या टाक्यांपाशी मिळतो. बहुतेक लेण्यांजवळ खडकात टाके कोरलेले आहे. शिलालेखांत त्याला ‘पोढी’ असे नाव आहे. कल्याण, सोपारा येथील व्यापारी व गृहस्थ यांनी अशा कामांसाठी दाने दिल्याची नोंद तेथे आढळते. डोंगरावर पडणारे पावसाचे पाणी खडकातील पन्हळींवाटे या टाक्यांत उतरत असे. चार महिन्यांच्या पावसावर उरलेले आठ महिने काढावयाचे, हा त्या भिक्षूंचा हिशेब होता. त्यांनी पाणी पिण्याचे टाळले नाही. ते वाया जाऊ दिले नाही. पुढे याच डोंगररांगांत १८६० च्या सुमारास विहार आणि १८७९ मध्ये तुळशी हे तलाव मुंबईच्या पाणीपुरवठ्यासाठी बांधले गेले. आजही त्यांचे पाणी मुंबईस मिळते. वन राहिले, म्हणूनच हे पाणीही राहिले.

यावरून काटकसर आणि कृपणता यांतील भेद स्पष्ट होतो. कृपण मनुष्य आपला खर्च दुसऱ्याच्या माथी मारतो. तिकीट न काढता गाडीत बसणे, रिकामी पिशवी झुडपात फेकणे, उरलेले अन्न माकडांपुढे टाकणे, ही काटकसर नव्हे. तिकिटाचे पैसे वाचले, तरी त्यांचा भार इतर प्रवाशांवर पडतो. पिशवी चितळाच्या पोटात जाते. आयते अन्न मिळू लागले, की माकडे वाटसरूंच्या अंगावर धावून येतात. म्हणून वनात नेलेली प्रत्येक वस्तू परत आणावी, आखलेली वाट सोडू नये आणि सायंकाळपूर्वी बाहेर पडावे.

‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण सर्वांना ठाऊक आहे. पण अंथरूण नीट घातले, तर त्यावर आणखी एका मित्राला जागा करून देता येते. वाचविलेल्या पैशांतून मान खाली घालून बसलेल्या सोबत्याचे तिकीट निघाले, तर त्या सहलीची थोरवी कोणत्याही महागड्या प्रवासाहून अधिक होय.

शब्दार्थ
कृपणता – कंजूषपणा. शयनयान – झोपण्याची सोय असलेला आगगाडीचा डबा. पन्हळ – पाणी वाहून नेणारी चर. चैत्यगृह – स्तूप असलेले प्रार्थनास्थान. थोरवी – मोठेपणा.

स्वाध्याय
१. काटकसरीचा खरा हेतू कोणता, असे पाठात म्हटले आहे?
२. निवासाचा खर्च कसा टाळता येतो?
३. कान्हेरीच्या टाक्यांपासून कोणता बोध मिळतो?
४. ‘काटकसर’ आणि ‘कृपणता’ यांतील भेद तुमच्या अनुभवातील उदाहरणे देऊन लिहा.
५. वाक्यांत उपयोग करा : मान खाली घालणे, माथी मारणे, वाया जाणे.
६. तुमच्या वर्गाच्या सहलीचे अंदाजपत्रक तयार करा. एकही मुलगा अथवा मुलगी मागे राहणार नाही, अशी योजना त्यात सुचवा.