रविवारची तयारी फोडणीपाशी थांबवा

अमेरिकेत नव्याने आलेल्या मराठी जोडप्यांना पहिल्या हिवाळ्यात बहुतेकदा एक सल्ला मिळतो: रविवारी पाच दिवसांच्या भाज्या करून फ्रीझरमध्ये टाका. पण इथे बरीच वर्षं संसार केलेल्या घरांत चालणारी पद्धत याहून वेगळी आणि जास्त शहाणपणाची आहे. ही घरं रविवारी स्वयंपाक पुरा करत नाहीत. डाळ शिजते, वाटण होतं, कडधान्यांना मोड येतात, दाण्याचं कूट होतं आणि काम तिथेच थांबतं. फोडणी पडते ती त्या-त्या संध्याकाळी. नवागतांनी हीच पद्धत उचलावी, असं माझं ठाम मत आहे.

कारण साधं आहे. मोहरी, हिंग, कढीपत्त्याचा वास उडून जाणारा असतो. बुधवारी गरम केलेल्या रविवारच्या आमटीत तो उरत नाही. बटाटा फ्रीझरमधून बाहेर काढला की भुसभुशीत आणि पाणचट होतो, भेंडी लिबलिबीत होते. याउलट नुसती शिजवलेली तूरडाळ, किंवा भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण, फ्रीझरमध्ये जवळजवळ जसंच्या तसं राहतं. शिवाय अर्धवट तयारी तुम्हाला बांधून ठेवत नाही. त्याच डाळीचं सोमवारी वरण होतं, मंगळवारी चिंच-गूळ घालून आमटी, बुधवारी पालकाची पातळ भाजी. मोड आलेल्या मटकीची उसळ होते तसा मटकीभातही होतो. वाटण बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून त्याचे ठोकळे पिशवीत भरून ठेवले, तर रस्सा कशाचा करायचा हे संध्याकाळी घरी आल्यावरही ठरवता येतं. गोडा मसाला, मेतकूट, भाजणी ही आपल्या घरातली साठवण याच विचाराची आहे: वेळखाऊ काम एकदाच करून ठेवायचं, खायचा पदार्थ मात्र ताजा करायचा.

‘म्हणजे शिळंच की,’ हा आक्षेप आई-वडिलांकडून फोनवर हमखास येतो, आणि तो थट्टेवारी नेण्यासारखा नाही. शिळ्याची भीती उष्ण हवेत, फ्रीज नसलेल्या घरांत योग्यच होती. तिला उत्तर द्यायचं तर शिस्त पाळावी लागते. अमेरिकेच्या कृषी खात्याचा नियम असा की शिजवलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जायला हवं, फ्रीज 4 अंश सेल्सिअस किंवा त्याहून थंड हवा आणि अन्न तीन-चार दिवसांत संपायला हवं. म्हणून गुरुवार-शुक्रवारचा वाटा रविवारीच फ्रीझरमध्ये टाका. मोठं पातेलं तसंच आत ठेवू नका, त्याचा मध्यभाग फार वेळ कोमट राहतो. डाळ उथळ डब्यांत विभागून ठेवा. भात रोज ताजा लावा. त्याला वीसएक मिनिटं लागतात आणि बाहेर राहिलेल्या भातात वाढणाऱ्या जंतूंचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. लसूण तेलात बुडवून ओट्यावर ठेवण्याची सवय असेल तर ती सोडाच: हवा न लागणाऱ्या तेलात बोट्युलिझमचं विष तयार होऊ शकतं.

थंडीत मोड येत नाहीत, ही नव्या घरांची नेहमीची तक्रार. शुक्रवारी रात्री मूग-मटकी भिजवा, शनिवारी सकाळी उपसून फडक्यात बांधा आणि बंद ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेवा. ओव्हनच्या दारावर चिठ्ठी लावा, नाहीतर कुणीतरी तो तापवायला लावेल. मोड नीट शिजवूनच खा. कणकेचं मात्र एवढं जमत नाही. मळलेला गोळा फ्रीजमध्ये एक-दोन दिवसांत काळपट पडतो, त्यामुळे पोळ्या आठवड्यातून दोनदा कराव्यात, किंवा अर्धवट भाजून, मध्ये कागद घालून गोठवाव्यात.

अधिक गंभीर आक्षेप असा की यात घरातल्या बाईचा रविवार जातो. सगळं शिजवून ठेवण्याच्या पद्धतीत तो खरोखरच जातो, कारण चव सांभाळणारा हात एकच असतो. अर्धवट तयारीत मात्र दाणे भाजणं, कोथिंबीर निवडणं, कुकर लावणं ही कामं नवऱ्याला आणि दहा वर्षांच्या मुलालाही वाटून देता येतात, आणि द्यायलाच हवीत. डब्यावर पदार्थाचं नाव आणि तारीख असेल, तर जो आधी घरी पोहोचेल तो फोडणी घालू शकतो. कामावरून येताना पाळणाघरातून मूल घेऊन घरात शिरायला साडेसहा वाजतात आणि मूल आठला झोपायला हवं असतं, तेव्हा या सोयीचं मोल कळतं.

पहिल्या रविवारी फक्त दोनच गोष्टी करा: दोन वाट्या तूरडाळ शिजवा आणि एक ट्रे वाटण करा. मोड दुसऱ्या आठवड्यात. फोडणीआधी चुलीवरचा पंखा चालू करायला विसरू नका, धुराने इथला अलार्म लगेच वाजतो.